वसंताची दाढी

वसंता गेला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्याला शेवटचं पाहिलं. अंबरनाथच्या एका खासगी हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात. नाकात नळी, एका हाताला सुया. बोलता येत नव्हतं. मी पलंगाशी जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने डोळे उघडले, मोकळा हात कसाबसा उचलला आणि उलट्या बोटांनी स्वतःच्या गालावरून फिरवला. पांढरे खुंट चांगलेच वाढले होते. मला कळलं त्याला काय म्हणायचंय ते. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, "आजी, इथे नाही करता येणार. वॉर्डात हलवलं की करा." मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "उद्या करू हं वसंता." त्याने हात खाली ठेवला. सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा माझ्या भाच्याचा, म्हणजे वसंताच्या मुलाचा, निखिलचा फोन आला. "आत्या..." एवढंच म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, बसावं. कुठेतरी नुसतं बसून राहावं...

वसंता माझा धाकटा भाऊ. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता, तिथूनच निवृत्त झाला. घर शिवमंदिराच्या बाजूला. मी लग्नानंतर बदलापुरात, कात्रपला. दोन स्टेशनांत अंतर ते किती, पण संसार असले की तेवढंही पुष्कळ होतं. सणावारी भेटायचो. त्याच्याकडे सकाळी कधी मुक्काम झाला तर मात्र एक दृश्य ठरलेलं असायचं. खिडकीच्या गजाला लटकवलेला आरसा, स्टीलच्या वाटीत गरम पाणी, ब्रशने गालभर केलेला फेस आणि त्यातून सेफ्टी रेझरने ओढलेले सरळ पट्टे. घाई नाही, गाणं नाही, बोलणं नाही. दाढी झाली की तुरटी फिरवायची, रेझर उघडून पातं, टोपी, दांडा वेगवेगळं धुवायचं, पुसायचं. आमची भावजय शैला म्हणायची, "ह्यांचं एक लग्न माझ्याशी आणि एक त्या आरशाशी." एकही दिवस खाडा नाही. रविवारी नाही, तापात नाही. आणि श्रावणातही नाही, जेव्हा आमच्याकडचे सगळे पुरुष महिनाभर साधुबुवा होऊन फिरतात.

वडील गेले तेव्हा यावरून मोठा तमाशा झाला. सुतकात मुलगा दाढीला हात लावत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? पण वडिलांना अग्नी देऊन दोन रात्री गेल्या नाहीत तोच वसंता सकाळी मोरीतून बाहेर आला तो गुळगुळीत. कपडे कामाचे. कंपनीत टाकी साफ करायचं काम निघालं होतं, माणसं आत उतरणार होती, आणि सेफ्टी ऑफिसर म्हणून त्याला तिथे उभं राहायचं होतं. आमच्या काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, बाप गेलाय तुझा! लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "काकू, संध्याकाळी येतो. मग बोला." आणि गेला. संध्याकाळी आला, मान खाली घालून बसला, सगळ्यांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढी करून गेला. का, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात एखाद्याला हट्टी ठरवलं की मग त्याला काही विचारायची गरज उरत नाही.

पुढे शैला गेली. निखिल नोकरीला पुण्याला, तिथेच त्याचं लग्न, तिथेच घर. मग वसंताच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन झालं, कृत्रिम झडप बसवली, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागली. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि फिरून फिरून नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. माझे यजमान गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. त्याआधी सासूबाईंचं आजारपण मी काढलेलं, मग यांचं. औषधांच्या डब्या, लघवीची भांडी, मेणकापडं हे सगळं नुकतंच घराबाहेर काढून मी हॉलला नवे पडदे लावले होते. मला कुणी विचारलं नाही. "आत्याकडे जागा आहे आणि आत्याला सवय आहे," असं निखिल म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. वसंता एक सुटकेस आणि दाढीचं सामान घेऊन माझ्याकडे राहायला आला. मी दार उघडलं, त्याच्या हातातली पिशवी घेतली. मनात मात्र म्हटलं, देवा, पुन्हा...

पहिले काही दिवस बरे गेले. तो स्वतःचं स्वतः करायचा, भाजी निवडून द्यायचा, माझ्याशी पत्ते खेळायचा. मग एका सकाळी बाथरूममधून हाक आली. "ताई, जरा कापूस आण." आवाज एकदम शांत. गेले तर टॉवेल लाल झालेला. त्याचं जुनं रेझर दोन पाकळ्यांचं होतं, दांड्याचा खालचा भाग फिरवला की झाकणासारख्या पाकळ्या उघडायच्या आणि आत पातं ठेवायचं. इतक्या वर्षांनी त्या पाकळ्या नीट मिटेनाशा झाल्या होत्या, पातं एका बाजूने वर राहायचं. एरवी एवढ्याशा कापण्याला कुणी विचारलंही नसतं. पण त्या गोळीमुळे रक्त थांबेना. मी कापसाचा बोळा त्याच्या गालावर दाबून बसले. हात भरून आला, दुसरा हात लावला. तुरटी झाली, बर्फ झाला. तो मधूनच म्हणे, "घाबरू नकोस, थांबतं ते." थांबलं, पण मी बोळा धरलेला हात कितीतरी वेळ काढला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, विजेचं मशीन वापरा. निखिलने लगेच पुण्याहून चांगलंसं ट्रिमर पाठवलं. वसंताने ते शहाण्या मुलासारखं फिरवलं, मग गालावरून उलटा हात फिरवला, आणि मशीन खोक्यात घालून खोकं कपाटावर ठेवून दिलं. खुंट राहतात म्हणाला. त्या रात्री जेवणाआधी निखिलचा फोन आला तेव्हा तो चिडलाच. "बाबा, सोडा ना हे! मस्तपैकी दाढी वाढवा. आजकाल सगळे ठेवतात, मीपण ठेवलीय. रिस्क कशाला?" वसंता हसून हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खरंच काय हरकत आहे रे? रोजचा माझ्या जिवाला घोर." मग पहिल्यांदा त्याने मला दत्तूचं सांगितलं.

दत्तू वांगणीकडचा. थोडी शेती, आणि कंपनीत कामाला. वसंता तेव्हा नवीन ऑफिसर झालेला. कंपनीचा नियम होता, की जिथे वायूचा धोका तिथे काम करणाऱ्याने दाढी ठेवायची नाही, कारण तोंडावरचा मास्क कातडीला घट्ट चिकटायला हवा. केस मध्ये आले की फट राहते. श्रावण लागला आणि दत्तूने दाढी करणं सोडलं. वसंताने टोकलं, तर तो हात जोडून म्हणाला, "सायेब, घरात पाळतात. सरावन सरला का लगेच काढतो." वसंताला ते पटलं. आपल्याही घरी पाळतात की. त्याने सही करून त्याला आत सोडलं. श्रावण संपत आला असताना पाइपाचा एक जोड सुटला आणि अमोनिया पसरला. दत्तूने मास्क लावला होता. बाकीचेही मास्क लावूनच बाहेर आले. दत्तूला मात्र वसंताने आत जाऊन ओढून आणला. जगला तो. पण छातीचं जे व्हायचं ते झालंच. पुढे वसंता त्याला भेटायला वांगणीला जायचा तेव्हा तो बांधावरून चालताना मध्येच खाली बसायचा, श्वास गोळा करायचा आणि वर बघून हसायचा. काही वर्षांनी गेला.

"मास्क चांगला होता ताई," वसंता म्हणाला. "मीच तपासला होता. चेहऱ्याला बसला नाही फक्त. एका महिन्याची दाढी..."

त्यानंतर त्याने कुणालाच सूट दिली नाही. श्रावण नाही, नवस नाही, सुतक नाही. आणि दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतःचा गाल साफ हवा. टाकीत माणसं उतरणार होती त्या दिवशी बापाचं सुतक सांगून तो दाढीनिशी उभा राहिला असता, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचं कुणी ऐकलं नसतं. मी म्हटलं, "अरे, तेव्हा हे काकूंना सांगायचं होतंस." म्हणाला, "सांगून काय, मी एकाला मारलं म्हणून?" "पण आता तर निवृत्त झालास. आता तुला कोण मास्क लावायला येणार आहे?" यावर त्याने पुन्हा उलटा हात गालावरून फिरवला. "कुणी नाही गं. पण हाताला खुंट लागले की तो आठवतो. सकाळी सकाळी नको वाटतं."

मग मी वाद घातला नाही. नवीन रेझर घ्यायचं ठरलं. बदलापुरात आम्ही दोन-तीन दुकानं फिरलो, पण तिथे सगळी प्लास्टिकची नाहीतर पाच-पाच पात्यांची. कुणीतरी उल्हासनगरचं नाव सुचवलं. तिथल्या कॅम्प भागातल्या बाजारात एक जुनं दुकान आहे, सलूनवाल्यांना माल देणारं. गेलो. दुकानदार सिंधी, वयस्कर, बोलका. गल्ल्यामागूनच म्हणाला, "अरे साईं, सेफ्टी रेझर आता कोण घेतो? कार्ट्रिज घेऊन जा. पाच ब्लेड, एकदम स्मूथ." वसंता म्हणाला, "पाच पाती एकदम फिरली तर कुठल्याने कापलं ते कळणार कसं?" तो खो-खो हसला आणि वरच्या फळीवरून एक धुळकट खोका काढून आमच्यासमोर उपडा केला. "लो. निवांत बघा."

आणि वसंताने निवांत बघितलं. मी स्टुलावर बसले होते, पाय दुखत होते, दुकानात गिऱ्हाईक येत-जात होतं, आणि हा एकेक रेझर हातात घेऊन जणू कंपनीत नवीन मशीन आल्यासारखा तपासत होता. एक होतं त्याला पात्याखाली कंगव्यासारखे दाते. ते बाजूला. दाट दाढीला ठीक, पण कातडी उघडी पडते म्हणाला. एकाच्या मानेवर आकड्यांची चकती, फिरवली की पातं कमी-जास्त बाहेर येतं. दुकानदार त्याची फार तारीफ करत होता. "सब आपके कंट्रोल में!" वसंताने चकती पुढे-मागे केली आणि तेही खाली ठेवलं. "ओल्या हाताने चुकून सरकली तर? जे हलतं ते कधीतरी हलणारच." एकाचा दांडा चांदीसारखा चकचकीत, मला तेच आवडलं होतं. त्याने त्यावर ओलं बोट फिरवायला सांगितलं. बोट सटकलं. शेवटी एक ठेंगणं, जाड दांड्याचं निघालं. दांड्यावर खरबरीत नक्षी, पात्याखाली सरळ पट्टी, आणि पातं असं बसायचं की कड नुसती डोकावेल. हातात घेतलं की वजन कळायचं. वसंताने ते उजेडाकडे धरून दोन्ही बाजू पाहिल्या. मग वळून ते माझ्यापुढे केलं.

"ताई, धरून बघ."

"मी काय दाढी करणार आहे?" दुकानदार हसला. वसंता हसला नाही. त्याने माझ्या मुठीत दांडा दिला, अंगठा नक्षीवर सरकवला, आणि तेव्हा माझ्या बोटांवर टेकलेला त्याचा हात मला जाणवला. थरथरत होता. आधी कधी लक्षातच आलं नव्हतं माझ्या. पत्ते पिसायला तो हल्ली मला द्यायचा, तेही का ते आत्ता कळलं. म्हणजे इतका वेळ हा स्वतःसाठी रेझर निवडतच नव्हता.

मी ते काउंटरवर ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने नाही, रागाने. "वसंता, मी दमलेय रे," मी म्हटलं. दुकानात, परक्या माणसासमोर. "आता मला कुणाचं काही करायचं नाहीये."

दुकानदार उगाचच मागे वळून फळीवरचं सामान लावायला लागला. वसंताने मान हलवली. "माहितीय मला. म्हणून तर जड बघतोय. रेझर जड असलं की जोर लावावा लागत नाही. नुसतं टेकवायचं, त्याच्या वजनाने ते खाली येतं."

आम्ही ते घेतलं. येताना रिक्षात ते पुडकं मी मांडीवर धरलं होतं.

हिवाळाभर तो स्वतःच करत होता. बाथरूमच्या दाराबाहेर मी कान देऊन उभी असायची, कापूस हातात घेऊन. एकदा वाटीच खाली पडली. एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून दार ढकललं, तर तो रेझर गालाजवळ धरून उभा होता आणि हात टेकायलाच तयार नव्हता. आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातून रेझर घेतलं. त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उजेडात बसवलं. तो म्हणाला, "कातडी ताण. केस ज्या बाजूला झोपलेत त्याच बाजूने ये. दाबू नकोस." मी टेकवलं. दाबलं नाही. खरोखरच ते आपल्या वजनाने खाली आलं, भाजलेल्या पावाला लोणी लावावं तसा बारीक आवाज करत. पहिल्या दिवशी एक गाल होईस्तोवर मला घाम फुटला. दुसरा गाल त्याने दुपारी करू म्हटलं, तसाच अर्धवट तोंडाने जेवायला बसला आणि दोघंही हसत सुटलो.

मग ते रोजचंच झालं. आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही. पाठ दुखायची, कधी कंटाळा यायचा, कधी वाटायचं आज नको. तो समजायचा, "उद्या कर" म्हणायचा, पण मग सकाळभर त्याचा हात गालाकडे जात राहायचा, आणि मीच पाणी तापवायला ठेवायची. एक मात्र झालं. लहानपणापासून आमच्यात बोलायचा तो आणि ऐकायची मी. आता गालावर पातं असताना त्याला तोंड उघडता येत नव्हतं. म्हणून मी बोलायला लागले. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल, यांच्या आजारपणाबद्दल, हॉस्पिटलच्या बाकांवर काढलेल्या दुपारींबद्दल. कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी बसून ऐकलंच नव्हतं. त्याला तर बसावंच लागायचं. हनुवटीखाली रेझर असताना तो नुसते डोळे माझ्याकडे वळवायचा. तेवढं पुरायचं.

त्या काळात दोनदा कापलं. दोन्ही वेळा रक्त थांबेपर्यंत मी त्याच्या गालावर बोळा दाबून बसले आणि दोन्ही वेळा त्यानेच मला धीर दिला. ती भीती हातातून कधी गेली नाही. पट्टा ओढताना मी श्वास धरायची.

मग न्यूमोनिया झाला, हॉस्पिटल, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे. त्याला कात्रपला आणलं तेव्हा माणसं जमली होती. तयारी सुरू झाली. मी निखिलला म्हटलं, "त्याची दाढी करायची आहे." कुणीतरी मागून म्हणालं, "आता कशाला? उशीर होतोय." निखिल, ज्याने ट्रिमर पाठवलं होतं, ज्याला हे सगळं वेड वाटायचं, त्याने एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं, आत गेला आणि पातेल्यात गरम पाणी घेऊन आला. मी ब्रशने फेस केला. गाल थंड होते. निखिल उशाशी बसून कातडी ताणून धरत होता, मी सांगेन तशी. मी टेकवलं, आणि मला जाणवलं की आज भीती नाहीये. आज कापलं तरी रक्त येणार नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला श्वास धरायचं कारण नव्हतं... तरी मी दाबलं नाही. त्याने शिकवलं होतं तसंच सावकाश केलं. ओठांच्या कडा, कानाखाली, हनुवटीच्या खळगीत. मागे घाई करणारेही आता थांबले होते. झाल्यावर निखिलने उलट्या हाताने बापाच्या गालावरून हात फिरवला, आणि मग तो रडला.

आता घर रिकामं आहे. भेटणारे म्हणतात, सुटलात बिचाऱ्या, आता आराम करा. करते. दुपारी झोपते, सकाळी उशिरा उठते. काम संपलं की थकवा जातो असं मला वाटायचं, तसं काही होत नाही. तो अंगातच बसून राहतो, आणि आता त्याला टेकायला कुणी नाही. एक खोड मात्र लागली आहे. समोर पुरुष आला की माझी नजर आधी त्याच्या गालावर जाते. बँकेतला कॅशियर, रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन. कुणाचे केस मानेवर कुठल्या बाजूला वळलेत, कुणी घाईत दाब दिलाय, कुणाचं काय राहिलंय, सगळं दिसतं. परवा स्टेशनबाहेर भाजी घेत होते. भाजीवाला माझ्याच वयाचा असेल, ताजी दाढी केलेला, आणि डाव्या जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा तसाच. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, इथे राहिलंय बघा."

त्याने हात लावून बघितलं आणि हसला. "राहू द्या हो ताई. आता आपल्याला कोण बघतंय?"

मेथीची जुडी पिशवीत घालून मी थोडा वेळ तिथेच उभी होते. मागे गिऱ्हाईक खोळंबलं, तेव्हा बाजूला झाले.